संघनायक कोणाचा? स्काउट पथकातील मुलांच्या नेतृत्वाविषयी एक संवाद

महाराष्ट्रातील स्काउट पथकांमध्ये नेतृत्वाची पदे कागदावर सर्वत्र जवळपास सारखीच असतात. दहा वर्षांवरील मुलांचे पथक सहा ते आठ जणांच्या गटांत विभागले जाते, अशा गटाला संघ म्हणतात, संघाचा प्रमुख तो संघनायक व त्याचा जोडीदार उपसंघनायक, आणि उरलेल्या मुलांकडेही लेखनिक, खजिनदार, तंबू-दोर-भांडी सांभाळणारा भांडारपाल, प्रथमोपचार पाहणारा अशी कामे वाटून दिलेली असतात. सर्व संघनायकांची मिळून जी सभा भरते तिला मानसभा म्हणतात. पथकाचा कार्यक्रम, पैसा आणि शिस्त हे तीन विषय तिच्या अखत्यारीत येतात, आणि चळवळीच्या मूळ कल्पनेनुसार प्रौढ स्काउटमास्तर या सभेत बसतो, सल्ला देतो, पण मत देत नाही. ही रचना कोणी नाकारत नाही. वाद आहे तो तिच्यातील सत्ता मुलांच्या हाती खरोखर किती द्यावी याविषयी.

कल्याणमध्ये या वादाला एक स्थानिक कंगोरा आहे. १८५४ मध्ये ठाण्याहून लोहमार्ग कल्याणपर्यंत आला आणि पुढे कसारा व कर्जत या दोन्ही दिशांचे फाटे येथूनच फुटल्यामुळे रेल्वेची वसाहत, तिची शाळा आणि तिचे सामाजिक जीवन शहराच्या अंगभूत झाले. भारत स्काउट्स आणि गाईड्स या संस्थेच्या रचनेत प्रत्येक क्षेत्रीय रेल्वेला स्वतंत्र राज्य शाखेचा दर्जा असल्यामुळे, रुळांच्या एका बाजूचे पथक मध्य रेल्वेच्या शाखेखाली आणि दुसऱ्या बाजूच्या खाजगी अनुदानित शाळेचे पथक महाराष्ट्राच्या शाखेखाली, अशी स्थिती येथे सहज संभवते. पुढील संवादातील दोन व्यक्ती या दोन परंपरांच्या प्रतिनिधी म्हणून कल्पिलेल्या आहेत: एक रेल्वेतून निवृत्त झालेले आणि वसाहतीतील पथक दीर्घकाळ चालवलेले स्काउटर, म्हणजे प्रशिक्षित प्रौढ स्वयंसेवक, आणि दुसऱ्या, एका मराठी माध्यमाच्या शाळेतील पर्यवेक्षिका, ज्यांच्याकडे स्काउट-गाईड विभागाची जबाबदारी अध्यापनाच्या वेळापत्रकात बसवून दिलेली आहे.

पर्यवेक्षिका : सर, शाळेत संघनायक नेमताना शिक्षक सहसा वर्गातील चुणचुणीत मुलगा निवडतात, याला आपण दोष देता, परंतु ज्या शिक्षकाला स्काउटरांचा प्राथमिक प्रशिक्षणवर्ग, म्हणजे बेसिक कोर्स, करून आल्यावर गणिताचे तास सांभाळून आठवड्यातून एकदाच पथक भरवायचे असते, त्याला सूचना एकदा सांगितली की ती सात जणांपर्यंत नीट पोहोचवणारा मुलगा लागतो. निवडणूक घेतली तर जो मुलगा डबा वाटून खातो किंवा ज्याच्या मागे गल्लीतली चार मुले उभी राहतात तो निवडून येतो, आणि मग वर्षभर काम शिक्षकालाच करावे लागते.

स्काउटर : बाई, आपण ज्याचे वर्णन केले तो संघनायक नव्हे, मॉनिटर आहे. मॉनिटर हा शिक्षकाचा माणूस असतो. फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहिणे हे त्याचे काम, आणि वर्गही त्याला तसाच ओळखतो. संघनायक मात्र संघाचा असतो. मानसभेत तो स्काउटमास्तरचा निरोप घ्यायला नव्हे, तर सात मुलांचे म्हणणे मांडायला येतो, आणि तिथला निर्णय परत जाऊन त्यांना पटवून देतो. ज्याच्याबरोबर मुले डबा खातात तोच हे करू शकतो, ही आपल्याला उणीव वाटते. प्रत्यक्षात ती त्या पदाची पहिली पात्रता आहे.

या मुद्द्यामागे चळवळीचा इतिहास उभा आहे, आणि तो दोन्ही बाजूंना सोयीचा नाही. दक्षिण आफ्रिकेतील माफेकिंग या गावाला १८९९-१९०० मध्ये २१७ दिवस वेढा पडला असताना तेथील ब्रिटिश सैन्याचे प्रमुख, आणि पुढे स्काउट चळवळीचे संस्थापक, रॉबर्ट बेडन-पॉवेल यांच्या अधिकाऱ्यांनी गावातील मुलांचे एक दल उभे करून निरोप पोहोचवण्याची कामे त्यांच्याकडे दिली होती, आणि त्या मुलांचा प्रमुख त्यांच्यातलाच एक मुलगा होता. ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे जे प्रायोगिक शिबिर भरले, त्यात श्रीमंतांच्या निवासी शाळांतील आणि कामकरी घरांतील मुले एकत्र आणून त्यांचे चार संघ केले गेले व प्रत्येक संघ त्यातील मोठ्या मुलाच्या हाती सोपवला गेला. मुलांवर विश्वास टाकण्याची ही पद्धत, गमतीची गोष्ट अशी की, एका लष्करी अधिकाऱ्याच्या डोक्यातून निघाली, आणि तिच्यावर त्या उगमाची छाप राहिली: स्काउट नियमांच्या आरंभीच्या पाठात आईवडील आणि स्काउटमास्तर यांच्या पंक्तीत संघनायकालाही बसवून त्याची आज्ञा विनाप्रश्न पाळावी असे म्हटले होते.

पर्यवेक्षिका : हाच नियम घ्या. चौदा वर्षांच्या मुलाची आज्ञा अकरा वर्षांच्या मुलाने प्रश्न न विचारता पाळायची, ही स्वायत्तता झाली की लहान आकाराची फौज? शिक्षकाच्या मनमानीविरुद्ध मुख्याध्यापकांकडे तक्रार करता येते. संघनायकाच्या दादागिरीविरुद्ध तो अकरा वर्षांचा मुलगा कोणाकडे जाणार?

स्काउटर : भारतीय नियमांत ते कलम त्या रूपात राहिलेले नाही, आज आपल्या नऊ नियमांमध्ये स्काउट अनुशासनशील असतो आणि सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण करण्यास मदत करतो एवढेच आहे. तरीही आपली शंका खरी आहे, आणि तिचे उत्तर नियमात नसून संघसभेत आहे. संघातील सर्व मुलांनी एकत्र बसून बोलायचे, तक्रार असली तर ती तिथे मांडायची, तिथे सुटली नाही तर ती मानसभेत जाते आणि तिथे त्या संघनायकाला इतर तीन संघनायकांसमोर उत्तर द्यावे लागते. दादागिरी करणाऱ्या मुलाला शिक्षकाचे रागावणे सवयीचे असते. बरोबरीच्यांनी विचारलेला प्रश्न त्याला जड जातो.

पर्यवेक्षिका : मानसभा खरोखर भरत असेल तर.

स्काउटर : हो, भरत असेल तर.

या एका वाक्याने वादातला बराच धुरळा खाली बसतो, कारण अनेक शालेय पथकांत मानसभा ही नोंदवहीतील एक रकाना होऊन राहते, आणि जी सभा भरतच नाही तिच्या भरवशावर मुलांच्या नेतृत्वाचे समर्थन करता येत नाही, तसेच तिच्या नावाने त्याची निंदाही करता येत नाही. भारतात या चळवळीच्या आरंभकाळी तर मूळ प्रश्नच वेगळा होता. १९०९ मध्ये बंगळूर येथे पहिले पथक निघाले ते युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांसाठी, भारतीय मुलांना त्यात जागा नव्हती, आणि म्हणून १९१६ मध्ये मद्रासला ॲनी बेझंट यांनी आणि त्यानंतर लवकरच अलाहाबादला मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीच्या छत्राखाली स्वतंत्र संघटना उभ्या केल्या. ७ नोव्हेंबर १९५० रोजी निरनिराळ्या प्रवाहांचे भारत स्काउट्स आणि गाईड्समध्ये विलीनीकरण झाले आणि पुढच्या वर्षी गाईड्सही त्यात आल्या. नागपूर उच्च न्यायालयाचे व नंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश व्हिव्हियन बोस हे या चळवळीतील एक अग्रणी होते. न्यायासनावर बसणाऱ्या माणसाला चौदा वर्षांच्या मुलांच्या मानसभेत रस वाटावा, यात तसे नवल नाही.

पर्यवेक्षिका : आता प्रश्न जबाबदारीचा. आपल्या पुस्तकांतले संघ जंगलात वाट शोधतात. इथल्या संघाला दुर्गाडी किल्ल्यापर्यंत चालत जायचे तर वाहतुकीने तुंबलेला रस्ता ओलांडावा लागतो, खाडीचा काठ आहे, पावसाळ्यात वालधुनी आणि उल्हास या नद्या काय करू शकतात हे २६ जुलै २००५ रोजी या शहराने पाहिले आहे. आणि रस्ता-पाणी हाच धोका नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये शेजारच्या बदलापुरात शाळेतील लहान मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आल्यावर संतप्त लोकांनी रेल्वे अडवली. त्यानंतर कोणत्या शाळेने मुलांना प्रौढाच्या नजरेआड सोडण्याचे धाडस करावे? मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ पासून आहे, शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती आहे, आणि काही झाले तर खुलासा द्यायला संघनायकाला बोलावत नाहीत.

स्काउटर : पुस्तकांतले सगळे संघ जंगलातले नव्हते, बाई. संघपद्धतीवर १९१४ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिणारे रोलंड फिलिप्स हे पूर्व लंडनच्या भागाचे स्काउट आयुक्त होते, म्हणजे गोदीतले मजूर, दाटीची घरे आणि धुराने भरलेल्या गल्ल्या असलेल्या वस्तीत ते काम करत होते. संघ हाच पथकाचा कणा मानावा हा त्यांचा आग्रह त्या गर्दीत टिकला.

पर्यवेक्षिका : आणि स्वतः फिलिप्स १९१६ मध्ये सोमच्या लढाईत मारले गेले. त्या पिढीतले कितीतरी संघनायक त्याच वाटेने गेले असतील. मुलांना निर्भय करणे आणि मुलांना प्रश्न न विचारता पुढे जाणारे करणे यांत अंतर असते, एवढेच म्हणायचे आहे.

स्काउटरांजवळ याला तयार उत्तर नाही, आणि कदाचित कोणाजवळच नसावे. परंतु सुरक्षिततेच्या युक्तिवादात एक सरमिसळ आहे ती दाखवून द्यायला हवी. मुले कोठे जातात आणि त्यांच्यासोबत कोण असते, हा एक प्रश्न. मुले काय ठरवतात आणि ते ठरवणे कोण मोडते, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर पर्यवेक्षिकेची भूमिका निर्विवाद आहे. दुसऱ्या प्रश्नाची कसोटी शाळेच्या आवारातच, कोणताही धोका न पत्करता लागू शकते, आणि तिच्यासाठी ‘खरी कमाई’ या उपक्रमाइतके चांगले उदाहरण नाही.

खरी कमाई म्हणजे मुलांनी स्वतः कष्ट करून पैसे मिळवण्याचा उपक्रम. बूटपॉलिश, सायकली पुसणे, बागकाम, शेजाऱ्यांची किरकोळ कामे असे त्याचे मूळ स्वरूप. महाराष्ट्रातील शाळांत मात्र तो बहुधा एका दिवसाच्या खाद्यपदार्थांच्या विक्रीच्या रूपाने दिसतो, ज्यात पटांगणात बाके मांडली जातात, इडली, भेळ, सरबत, घरून आलेले लाडू विकले जातात आणि पालक व शिक्षक मोठ्या कौतुकाने विकत घेतात.

स्काउटर : या दिवशी कोण काय करतो ते पाहिले तर पथकात नेतृत्व कोणाचे आहे ते लगेच कळते. पदार्थ आईने केला, भाव बाईंनी ठरवला, सुटे पैसे शिपायाने आणून दिले, गल्ला ऑफिसात मोजला आणि रकमेचे काय करायचे ते मुख्याध्यापकांनी सांगितले, तर मुलाने फक्त कागदी बशी पुढे केली. यात कमाई झाली. ती खरी होती का?

पर्यवेक्षिका : आणि मुलांवर सोडले तर? एका संघाने ठरवले की भेळ विकायची, हौसेने दुप्पट चुरमुरे आणले, चिरलेला कांदा-टोमॅटो दुपारपर्यंत पाणावला, आणि शेवटी घातलेले पैसेही सुटले नाहीत. दुसऱ्या दिवशी दोन पालक ऑफिसात येऊन विचारतील की मुलाने घरून नेलेले पैसे कोठे गेले.

स्काउटर : त्यांना खजिनदाराची वही दाखवावी. किती चुरमुरे, किती शेव, भाव कोणी सुचवला, किती प्लेट गेल्या, हे तिच्यात असले पाहिजे. मग मानसभेपुढे खरा विषय येतो: तोटा त्या एका संघाने सोसायचा, की ज्या संघाचे सरबत भरपूर खपले त्याने वाटा उचलायचा? पुढच्या वेळी प्रत्येक संघाला वेगळा पदार्थ, की सर्वांचे मिळून एकच भांडवल? मोठ्या माणसांच्या सहकारी संस्था ज्या प्रश्नांवर अडखळतात ते हेच आहेत, आणि इथे ते दोन-तीनशे रुपयांत समोर येतात. बाईंनी आधीच निम्मे चुरमुरे परत पाठवले असते तर तोटा वाचला असता, पण सभेला ठरवण्यासारखे काही उरले नसते.

पर्यवेक्षिका : आणि ज्या मुलाच्या घरून ते पैसे मोठ्या मुश्किलीने आले होते?

स्काउटर : त्याचे काय करायचे, हेही सभेलाच विचारावे. मुले बहुधा मोठ्यांपेक्षा कमी कंजूष निघतात.

या ठिकाणी लेखकाचा कौल स्काउटरांच्या बाजूने आहे, आणि तो लपवण्याचे कारण नाही. ज्या पदाला बिघडवण्यासारखे काही हाती नसते ते पद शोभेचे असते. शालेय मंत्रिमंडळातील पंतप्रधान आणि पर्यावरण मंत्री ही पदे वर्षानुवर्षे शपथविधीच्या छायाचित्रापलीकडे का जात नाहीत, याचे कारणही तेच आहे. तथापि स्काउटरांच्या बाजूलाही एक ढासळलेली भिंत आहे, आणि पर्यवेक्षिका तिच्याकडे वळतात.

पर्यवेक्षिका : शाळांवर आपण कागदी नेतृत्वाचा आरोप करता, मग नोकरीच्या कोट्याचे काय? रेल्वे भरतीत स्काउट-गाईड कोटा आहे, त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार किंवा प्रौढांच्या प्रशिक्षणातील हिमालय वुड बॅज हवा, संस्थेतील सलग सक्रिय सदस्यत्व हवे, राज्य व राष्ट्रीय पातळीवरील मेळाव्यांची प्रमाणपत्रे हवीत. ही पात्रता समोर दिसू लागल्यावर पंधरा वर्षांचा मुलगा संघनायक का होतो? संघासाठी, की फाइलसाठी?

स्काउटर : दोन्हींसाठी होतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ज्या घरात वडील गँगमन आहेत त्या घरातल्या मुलाने बिल्ल्यांकडे नोकरीची वाट म्हणून पाहिले, तर तो आपल्याच वडिलांइतका व्यवहारी आहे. उन्हाळ्यात फलाटावर गाडीतल्या प्रवाशांना पाणी देताना त्याच्या मनात फाइल असेलही. पाणी पिणाऱ्याची तहान त्यामुळे कमी भागत नाही.

पर्यवेक्षिका : पाण्याचे ठीक आहे. संघनायकपदाचे तसे नाही. ज्याला प्रमाणपत्र हवे आहे तो पद सोडत नाही. मागून आलेला तेरा वर्षांचा मुलगा उपसंघनायकच राहतो आणि कंटाळून पथक सोडतो.

हा आक्षेप जास्त खोल जातो. प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार अशी जी चढती पायऱ्यांची मांडणी आहे, ती एकेका मुलाची प्रगती मोजते. संघाची प्रगती मोजणारा तसा कोणताही पुरस्कार तिच्यात नाही. एखाद्या संघनायकाने आपल्या उपसंघनायकाला तयार करून वेळेवर जागा मोकळी केली, तर त्याच्या फाइलमध्ये त्याची नोंद कोठे करावी याला रकाना नाही, आणि उलट जो शेवटपर्यंत पदाला चिकटून राहिला त्याची नोंदवही जाड होत जाते. स्काउटरांनी सुचवलेला उपाय साधा आहे: राज्य पुरस्कारासाठी मुलाचे नाव पुढे पाठवण्यापूर्वी मानसभेने, म्हणजे त्याच्या बरोबरीच्या मुलांनी, त्याच्यानंतर संघ कोण चालवणार हे विचारावे. पर्यवेक्षिकेला तो पटतो, मात्र त्यांच्या मते तो मुलांपेक्षा मुलींच्या पथकात, म्हणजे गाईड कंपनीत, आधी करून पाहावा.

स्काउटर : मुलींच्या बाबतीत आपली काळजी आणखी वाढत नाही का?

पर्यवेक्षिका : वाढते, आणि म्हणूनच ते उदाहरण महत्त्वाचे आहे. आठवी-नववीतल्या मुलीला मुक्कामी शिबिराला पाठवायला घरातून परवानगी मिळते ती बाई सोबत आहेत म्हणून. बाई नसल्या तर शिबिरच नाही, शिबिर नाही तर तंबू कोठे ठोकायचा, चूल कोणत्या बाजूला करायची, रात्रीचा पहारा कसा वाटायचा, हे ठरवण्याची संधीही नाही. आपल्या मांडणीत मोठे माणूस जितके मागे हटेल तितके मूल पुढे येते. मुलींचे तसे होत नाही. तिथे मोठे माणूस जवळ असते म्हणूनच मूल पुढे येऊ शकते.

स्काउटर : १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मेळाव्यात काही मुली आपण होऊन संघ करून, बोलावणे नसताना हजर झाल्या, आणि त्यातून पुढच्या वर्षी गाईड चळवळ उभी राहिली. त्यांच्यासोबत कोणी बाई नव्हत्या.

पर्यवेक्षिका : त्या मेळाव्याला पोहोचल्या त्यांची नोंद झाली. घरातून निघूच शकल्या नाहीत त्यांची होत नाही.

स्काउटरांच्या मांडणीला धक्का बसतो तो येथे, कारण प्रौढांचा अधिकार आणि मुलांचा अधिकार या एकाच तराजूच्या दोन बाजू आहेत, एक खाली गेली की दुसरी वर येते, हे त्यांचे गृहीत होते. गाईड कंपनीचे उदाहरण असे दाखवते की प्रौढाची उपस्थिती आणि प्रौढाचा हस्तक्षेप या वेगळ्या गोष्टी आहेत. तंबूपासून पन्नास पावलांवर खुर्ची टाकून बसलेल्या, पण चूल वाऱ्याच्या तोंडावर मांडली जात असताना काही न बोललेल्या कंपनी चालवणाऱ्या कॅप्टन बाई या मुलींच्या नेतृत्वाच्या आड येत नाहीत, आणि घरी राहून फोनवरून दर तासाला सूचना देणारे सर मात्र येतात. मानसभेत स्काउटमास्तरला आसन आहे पण मत नाही, ही जुनी तरतूद याच अर्थाने वाचता येते. बसायचे कोठे हे शाळेने आणि कायद्याने ठरवावे. गप्प कोठे राहायचे, हे मात्र प्रत्येक प्रौढाला स्वतःच शिकावे लागते, आणि बेसिक कोर्सच्या वेळापत्रकात गाठी, चिन्हे आणि शेकोटीची गाणी यांना जितका वेळ मिळतो तितका या शिकण्यालाही मिळायला हवा.

पर्यवेक्षिका : ठीक आहे. दुर्गाडीची फेरी शिक्षकासोबतच होईल, त्यात बदल नाही. खरी कमाईची रक्कम मात्र या वर्षी मानसभेच्या ताब्यात देऊन पाहू. तोटा झाला तर झाला.

स्काउटर : आणि सभेचे इतिवृत्त कोण लिहील?

पर्यवेक्षिका : लेखनिक लिहील. खाली शिक्षकाची सही लागेल, तपासणीला वही दाखवावी लागते.

स्काउटर : शुद्धलेखन सुधारून सही?

पर्यवेक्षिका : न सुधारता.